सिसिलीहून निघालेली तुटक रेष : एका खेळातील नकाशाच्या पुनर्रेखनाचे प्रकरण

सिसिलीच्या दक्षिण टोकापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाणारी एक तुटक पांढरी रेष आमच्या जुन्या नकाशावर होती आणि ती माल्टाच्या ठिपक्याखालून जात होती. या रेषेचा अर्थ काय, यावर खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षे वाद होत आला. ती सिसिलीला थेट आफ्रिकेशी जोडते असे नवख्या खेळाडूला वाटे. प्रत्यक्षात सिसिली ते माल्टा आणि माल्टा ते आफ्रिका असे ते दोन वेगळे मार्ग होते. जुन्या खेळाडूंना हे ठाऊक असे, कारण त्यांनीही कधीतरी सिसिलीत फौज जमवलेली असे आणि हल्ल्याच्या वेळी पर्यायांच्या यादीत आफ्रिकेचे नावच न दिसल्याने त्यांची ती पाळी वाया गेलेली असे. या नकाशाचे चित्र नव्याने काढण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ही रेष मला किरकोळ वाटली होती. चित्र जुनाट दिसते, ते देखणे करायचे आहे, अशी माझी समजूत होती. ती कशी बदलत गेली, हे या प्रकरणात मांडले आहे.

खेळाची ओळख थोडक्यात करून देतो. हा युद्धनीतीचा खेळ ब्राउझरमध्ये पाळीपाळीने खेळला जातो आणि एका पाळीसाठी २४ तास मिळतात. शेजारच्या प्रदेशावर चाल करून तो जिंकायचा आणि प्रांतांचा एखादा पूर्ण गट ताब्यात आला की दर फेरीला जादा फौज मिळवायची, अशी त्याची चौकट आहे. ही चौकट बैठ्या खेळांतून आलेली आहे. अल्बेर लामोरिस यांचा १९५७ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेला आणि पुढे ‘रिस्क’ या नावाने जगभर गेलेला खेळ हा या घराण्याचा मूळपुरुष म्हणता येईल. त्याच्या पटावर ६ खंडांत विभागलेले ४२ प्रदेश आहेत. पटाच्या डाव्या टोकाला अलास्का आहे, उजव्या टोकाला कामचाट्का आहे, आणि दोन्हींच्या काठावरून बाहेर जाणारी रेष हे दोन प्रदेश शेजारी असल्याचे सांगते. ती एवढीशी रेष छापायची राहिली, तर खेळातला एक अख्खा मोर्चा नाहीसा होतो.

ऑनलाइन खेळात याहून वेगळी एक अडचण असते, कारण संगणक चित्र पाहत नाही. प्रत्येक नकाशासोबत माहितीची एक फाइल असते. प्रत्येक प्रदेशाचे नाव, त्याच्या शेजाऱ्यांची यादी, तो कोणत्या गटात मोडतो आणि फौजेचा आकडा चित्रावर नेमका कुठे उमटवायचा त्याचे निर्देशांक त्या फाइलमध्ये असतात. खेळाडू पाहतो ते चित्र आणि खेळ पाळतो ती फाइल. दोन्हींत तफावत पडली की खेळाडू चित्रावर विश्वास ठेवून चाल ठरवतो आणि फाइल त्याला अडवते, किंवा प्रतिस्पर्ध्याला अशा दिशेने येऊ देते जिकडून कोणी येऊ शकेल असे त्याला वाटलेलेच नसते.

आमचा नकाशा पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातील भूमध्य समुद्राचा आहे. त्यात ४७ प्रदेश, ९ प्रांतगट आणि शेजाराच्या ९६ जोड्या आहेत.

जुन्या चित्राची अवस्था

जुने चित्र ६०० पिक्सेल रुंद होते. ते ज्या काळात काढले, त्या काळच्या पडद्यांवर ते नीट बसत असे. आजच्या दुप्पट घनतेच्या पडद्यावर चित्रातला एक पिक्सेल पडद्याच्या चार पिक्सेलांवर पसरतो आणि सगळेच धुरकट दिसते. त्यात ते चित्र जेपीईजी स्वरूपात साठवलेले होते. या पद्धतीत चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येकातले बारकावे कमी केले जातात, आणि बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळपणे साठवली जाते. छायाचित्राला हे चालते. निळ्या समुद्रावर लिहिलेल्या लाल अक्षरांना मात्र ते मारक ठरते, कारण अक्षरांच्या कडेने मळकट डाग उमटतात. पुढे कोणीतरी किरकोळ दुरुस्त्या करून तेच चित्र पुन्हा जेपीईजीमध्येच साठवले होते, त्यामुळे डागांवर डाग चढले होते. थर वेगवेगळे असलेली मूळ फाइल कोणाकडेच उरलेली नव्हती.

मूळ चित्रकाराने खेळ सोडून बराच काळ लोटला होता. नकाशा देताना प्रत्येक चित्रकार त्यात पुढे बदल करण्याची लेखी परवानगी देतो, म्हणून नियमाची अडचण नव्हती. तरीही मी त्यांच्या जुन्या पत्त्यावर कळवले, दोन महिने वाट पाहिली आणि उत्तर न आल्यावर काम सुरू केले. नव्या चित्राच्या कोपऱ्यात त्यांचे नाव पहिले आहे आणि माझे दुसरे आहे. प्रदेशांची ती मांडणी त्यांच्या डोक्यातून निघालेली आहे; माझ्या वाट्याला फक्त रेखाटन आले.

पहिला आराखडा आणि त्याचे अपयश

पहिल्या आराखड्यासाठी मी नॅचरल अर्थ या सर्वांना खुल्या असलेल्या भौगोलिक माहितीतून १ : ५ कोटी प्रमाणाची किनारपट्टी घेतली. जुन्या चित्रात किनारा हाताने काढलेला होता. इटली गरजेपेक्षा जाड होती, एजियन समुद्र पसरट होता आणि सायप्रस प्रत्यक्षाहून बराच पश्चिमेला सरकलेला होता. मी हे सगळे ‘दुरुस्त’ केले. आल्प्स, पिरेनीज आणि ॲटलास पर्वतांना छायांकनाने उठाव दिला, नद्या काढल्या, समुद्राला खोलीनुसार निळ्याच्या छटा दिल्या. आराखडा दाखवला तेव्हा कौतुक झाले, आणि ते ऐकून मलाही आनंद झाला.

त्यानंतर तो चाचणीच्या डावांत वापरला गेला. एका डावात नार्बोनेन्सिस हा गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, दक्षिणेकडचा प्रांत एका अनुभवी खेळाडूच्या ताब्यात होता आणि त्याने तिथे केवळ एक फौज ठेवली होती. त्याची उरलेली सगळी फौज इटलीच्या सीमेवर होती. पुढच्याच पाळीत प्रतिस्पर्धी हिस्पानियातील, म्हणजे आजच्या स्पेनकडच्या, टाराकोनेन्सिसमधून आत शिरला, नार्बोनेन्सिस पडला आणि गॉल गटाची जादा फौज बंद झाली. डाव संपल्यावर त्या खेळाडूने मला विचारले, “तुम्ही पिरेनीज एवढे उठावदार काढले आहेत, म्हणजे तिकडची सीमा बंद केली असेल ना?” ती बंद नव्हती. जुन्या चित्रात तिथे साधी काळी रेष होती आणि तिला ओलांडून चाल करता येते, हे बघताक्षणी कळत असे. या प्रकारच्या खेळांत मात्र डोंगराचे चित्र म्हणजे ‘इथून जाता येत नाही’ असा संकेत रूढ आहे. मी सजावट म्हणून काढलेले डोंगर त्याने नियम म्हणून वाचले, आणि त्याचे वाचन बरोबर होते.

नद्यांचेही तेच झाले. डॅन्यूबच्या दक्षिणेला मीझिया आणि उत्तरेला डेशिया. जुन्या चित्रात नदी नव्हतीच, केवळ सीमा होती. नव्यात जाड निळी नदी आल्यावर चाचणीतल्या निम्म्या लोकांनी ती अडथळा समजून तिच्या काठावर संरक्षण ठेवलेच नाही.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त लागली. जुने खेळाडू म्हणाले की त्यांच्या हाताची सवय मोडली आहे. त्यांनी हा नकाशा शेकडो वेळा खेळलेला होता. क्रीट कुठे आहे, सायप्रस कुठे आहे, हे त्यांना वाचावे लागत नसे. नजर आपोआप तिकडे जात असे. मी भूगोल बरोबर केला आणि सायप्रस पूर्वेला सरकला, इटली अरुंद झाली, तिच्यातले आकडे एकमेकांना खेटले. भौगोलिक अचूकतेच्या नादात चित्राची वाचनीयता मी स्वतःच घालवली होती.

एका पिक्सेलमागे किती किलोमीटर

हे अपयश मी आकड्यांत तपासले, तेव्हा त्याचे कारण उलगडले. आमच्या नकाशात आयबेरियाच्या पश्चिम किनाऱ्यापासून सीरियापर्यंतचा पट्टा येतो. त्याची रुंदी सुमारे ४,२०० किलोमीटर धरली, तर ६०० पिक्सेल रुंदीच्या चित्रात एका पिक्सेलमागे ७ किलोमीटर येतात. बॉस्फरस सर्वांत अरुंद जागी सुमारे ७०० मीटर आहे, म्हणजे पिक्सेलचा दहावा भाग. मेसिनाची सामुद्रधुनी सुमारे ३ किलोमीटर, म्हणजे अर्ध्या पिक्सेलहून कमी. जिब्राल्टर सुमारे १४ किलोमीटर, म्हणजे दोन पिक्सेल. माल्टाचे मुख्य बेट सुमारे २७ किलोमीटर लांब, म्हणजे चार पिक्सेल. आणि त्या चार पिक्सेलांवर तीन अंकी फौजेचा आकडा बसायला हवा.

चित्र मोठे केल्याने हा प्रश्न सुटत नाही. नव्या चित्राची मूळ रुंदी ८४० पिक्सेल ठरली, तेव्हा एका पिक्सेलमागे ५ किलोमीटर आले. बॉस्फरस तरीही पिक्सेलच्या सातव्या भागाएवढाच राहिला. तो खरा धरून तीन पिक्सेल रुंद दाखवायचा, तर चित्र १८,००० पिक्सेल रुंद करावे लागेल. म्हणून खेळाच्या नकाशात सामुद्रधुनी मोजून काढता येत नाही, ती ठरवून काढावी लागते. पाणी दिसलेच पाहिजे आणि ते ओलांडता येते हेही दिसले पाहिजे, या दोन गरजा भागतील एवढी तिची रुंदी ठेवावी लागते. मूळ चित्रकाराची पसरट एजियन आणि जाड इटली यांना मी हाताच्या चुका समजत होतो, पण त्यांमागे हाच विचार असणार हे आता माझ्या लक्षात आले. प्रत्येक प्रदेशात आकडा बसावा म्हणून त्यांनी जमीन ताणली होती.

दुसऱ्या आराखड्यात मी जुन्या चित्राची बाह्याकृती आधाराला घेतली. किनाऱ्याचा बारीक कंगोरा नॅचरल अर्थमधून घेतला, पण प्रदेशांचे आकार आणि जागा जुन्याच ठेवल्या. सायप्रस पुन्हा पश्चिमेला आला. भूगोल जाणणाऱ्या एका खेळाडूने त्यावर हरकत घेतली आणि ती भूगोलाच्या दृष्टीने योग्यच होती. तरीही मी सायप्रस हलवला नाही. माल्टा २४ पिक्सेलांचा केला, म्हणजे प्रत्यक्षाच्या चौपटीहून मोठा. ही २४ ची संख्या मी मनाने घेतलेली नाही. २०२३ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत बोटाने दाबायच्या जागेसाठी किमान २४ × २४ पिक्सेल सांगितले आहेत, आणि फोनवर खेळणाऱ्यांचे बोट माल्टाऐवजी सिसिलीवर पडते ही तक्रार आमच्याकडे आधीपासून होती.

डोंगर आणि नद्या मी जवळजवळ सगळ्या पुसल्या. आल्प्सचा एक पट्टा ठेवला, कारण तिथली एक सीमा फाइलमध्ये खरोखरच बंद आहे. पिरेनीज गेले. त्या छायांकनावर मी बरेच दिवस घालवले होते, पण ते खेळाडूला खोटे सांगत होते.

चित्र विरुद्ध फाइल

यानंतर जे केले, ते या संपूर्ण कामातले सर्वांत उपयोगी पाऊल होते असे माझे मत आहे, आणि ते मी सुरुवातीलाच करायला हवे होते. ४७ प्रदेशांच्या एकूण १,०८१ जोड्या होतात. कागदाच्या पातळीवर काढलेल्या नकाशात, कोणतीही रेष दुसरीला छेदत नसेल तर, त्यांपैकी जास्तीत जास्त १३५ जोड्या एकमेकांच्या शेजारी असू शकतात. आमच्या फाइलमध्ये ९६ आहेत. हा नकाशा कधीही न खेळलेल्या दोघांना मी नुसते चित्र दिले, फाइल दाखवली नाही, आणि प्रत्येक प्रदेशाचे शेजारी लिहून काढायला सांगितले. मग त्यांच्या याद्या फाइलशी ताडून पाहिल्या. जुन्या चित्राच्या बाबतीत सात जोड्या चुकल्या. माझ्या पहिल्या देखण्या आराखड्यात त्याहून जास्त चुकल्या, यातच सगळे आले.

जुन्या चित्रातल्या सात चुकांपैकी एक अर्थातच सिसिली–आफ्रिकेची होती. ठिपक्याखालून जाणारी रेष दोन तुकड्यांची असली तरी डोळा ती एकसंध वाचतो, कारण दोन्ही तुकडे एका सरळ रेषेत होते. नव्या चित्रात मी माल्टा थोडा पूर्वेला सरकवला, त्यामुळे दोन मार्गांमध्ये कोन तयार झाला. शिवाय प्रत्येक रेष बेटाच्या काठावर एका छोट्या टोपीसारख्या आडव्या रेघेने संपवली. आता रेष कुठे थांबते हे दिसते, आणि ती पलीकडे जाते असे कोणालाही वाटत नाही. सायप्रस जागचा हलवला नाही आणि माल्टा हलवला, यात विसंगती दिसेल. पण माल्टा जागेवर ठेवला असता तर जुनी चूकच जपली गेली असती.

दुसरी चूक आल्प्सच्या पूर्वेला होती. तिथे चार प्रदेश एका बिंदूत मिळत होते. अमेरिकेत यूटा, कोलोराडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्ये अशीच एका बिंदूत भेटतात, आणि त्यांचा खेळ-नकाशा करणाऱ्या प्रत्येकाला समोरासमोरची राज्ये शेजारी धरायची की नाहीत हे ठरवावेच लागते. आमच्या फाइलमध्ये नॉरिकम आणि डॅल्मेशिया शेजारी होते, तर इटलीचा ईशान्य भाग आणि पॅनोनिया नव्हते. चित्रातल्या बिंदूवरून हे कळणे अशक्य होते. मी तो बिंदू ताणून नॉरिकम आणि डॅल्मेशिया यांच्यामध्ये १२ पिक्सेलांची सलग सीमा काढली. त्यानंतर चार प्रदेशांना एका बिंदूत भेटू द्यायचेच नाही, असा नियम मी पुढच्या सगळ्या नकाशांसाठी घालून घेतला आहे.

उरलेल्या चुका याच जातीच्या होत्या आणि त्या लवकर दुरुस्त झाल्या. अंतिम चित्रावर दोन नव्या व्यक्तींकडून हीच चाचणी करून घेतली, तेव्हा दोघांच्या याद्या फाइलशी जुळल्या. त्याला एक अपवाद होता आणि त्याकडे मी पुढे येतो.

पिवळे आणि निळे आकडे

रंगांचा प्रश्न मी सोपा समजलो होतो. फौजेचे आकडे खेळ स्वतः उमटवतो, खेळाडूच्या रंगात. ते रंग नकाशा काढणाऱ्याला बदलता येत नाहीत. आकड्याखाली एक वर्तुळ ठेवले की आकडा उठून दिसेल, असा माझा हिशेब होता. वर्तुळ कोणत्या रंगाचे ठेवायचे, तेवढे ठरवायचे होते.

शुद्ध पिवळा आणि पांढरा यांतले प्रकाशाचे गुणोत्तर १.०७ : १ इतके असते, म्हणजे पांढऱ्या वर्तुळावर पिवळा आकडा नसल्यासारखाच. काळ्या वर्तुळावर तोच पिवळा १९.५६ : १ इतका स्पष्ट दिसतो, पण शुद्ध निळा मात्र काळ्यावर २.४४ : १ वर येतो, तर पांढऱ्यावर ८.५९ : १ असतो. सामान्य आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे असा संकेत आहे. मग मधला करडा रंग घ्यावा, तर पिवळा आणि निळा या दोघांनाही सारखा न्याय देणाऱ्या करड्यावर ते गुणोत्तर सुमारे २.८ भरते, आणि त्याच करड्यावर लाल आकडा १.३ वर येऊन जवळपास बुडतो. मी हे सगळे गणित कागदावर मांडले, तेव्हा लक्षात आले की सर्व खेळाडूंच्या रंगांना चालेल असा पार्श्वभूमीचा एकही रंग अस्तित्वात नाही. वर्षानुवर्षे नकाशे काढणाऱ्यांनी आपापल्या आवडीच्या छटा वापरून पाहिल्या होत्या आणि प्रत्येकाच्या नकाशात कोणत्या ना कोणत्या रंगाचा खेळाडू हाल सोसत होता.

म्हणून हा प्रश्न चित्राच्या बाहेर न्यावा लागला. खेळाची प्रणाली सांभाळणाऱ्यांना मी हे आकडे दाखवले आणि प्रत्येक अंकाभोवती एक पिक्सेलची काळी किनार काढावी अशी विनंती केली. त्यांनी ती मान्य केली. फिकट वर्तुळ आणि काळी किनार एकत्र आल्यावर पिवळ्याला त्याची किनार वाचवते, निळ्याला वर्तुळ वाचवते. या एका बदलाचा लाभ आमच्याच नव्हे, तर सगळ्या जुन्या नकाशांना झाला.

प्रांतगटांच्या रंगांत वेगळी अडचण होती. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का लोकांना लाल-हिरव्यातला फरक कमी जाणवतो असे मानले जाते, आणि जुन्या चित्रात गॉल लालसर आणि हिस्पानिया हिरवट होती. ‘कोणताही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात हे तर सिद्ध झालेले आहे’, असे कोणीतरी सुचवले. केनेथ ॲपल आणि वुल्फगँग हाकेन यांनी १९७६ साली संगणकाच्या मदतीने दिलेली ती सिद्धता मलाही आवडते. पण ती फक्त एवढेच सांगते की शेजारचे दोन भाग एका रंगाचे होणार नाहीत. आम्हाला मात्र कोपऱ्यातल्या सूचीतला रंग पाहून नकाशातला गट ओळखायचा होता, आणि त्यासाठी नऊच्या नऊ गट वेगळे दिसायला हवेत. नऊ रंग सगळ्यांना वेगळे दिसतील असे निवडणे अवघड आहे. मी सूचीच काढून टाकली. प्रत्येक गटाची जादा फौज त्या गटावरच एका छोट्या ढालीत लिहिली, गटांची सीमा प्रदेशांच्या सीमेच्या तिप्पट जाड केली आणि रंग फक्त सोबतीला ठेवले. चित्र करड्या छटांत बदलून पाहिले, तेव्हाही गट ओळखता येत होते.

नावे

नकाशावर ऑगस्टसचा काळ लिहिलेला होता आणि बॉस्फरसच्या काठी ‘कॉन्स्टँटिनोपल’ हे नाव होते. ऑगस्टस इसवी सन १४ मध्ये वारला. सम्राट कॉन्स्टंटाइनने त्या नगरीचे लोकार्पण ३३० मध्ये केले. म्हणून तिथे ‘बायझँटियम’ हे तिचे आधीचे नाव लिहिले. त्याने नियमात काही बदलत नव्हते, तरीही फाइलमधले नाव आणि चित्रातले नाव एकाच वेळी बदलावे लागले, नाहीतर हल्ल्याच्या यादीत एक नाव आणि पटावर दुसरे अशी अवस्था झाली असती.

डेशियावर मात्र मतभेद झाले. सम्राट ट्रेजनने तो प्रांत १०६ मध्ये रोमन साम्राज्याला जोडला, म्हणून तो नकाशातून काढावा असे एका इतिहासप्रेमी खेळाडूचे म्हणणे होते. पण डॅन्यूबपलीकडे डेशियन लोकांची भूमी त्याआधीही होती, आणि नकाशावर तो प्रदेश रोमन असल्याचे कुठेही लिहिलेले नाही. डेशिया काढला असता तर दोन शेजार तुटले असते आणि त्या बाजूचा सगळा खेळ बदलला असता. तो तसाच राहिला.

क्रीटचा बाण

आता तो अपवाद. पडताळणीत आढळले की फाइलमध्ये सायरेनाइकाच्या शेजाऱ्यांत क्रीट आहे, पण क्रीटच्या शेजाऱ्यांत सायरेनाइका नाही. म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून बेटावर चढाई करता येते, बेटावरून किनाऱ्यावर उतरता येत नाही. प्रत्येक शेजार फाइलमध्ये दोनदा, दोन्ही दिशांनी लिहावा लागतो, आणि इथे एक नोंद राहून गेली असणार. जुन्या चित्रात तिथे साधी तुटक रेष होती. इतिहासाकडे पाहिले तर क्रीट आणि सायरेनाइका हा रोमचा एकच जोडप्रांत होता, त्यामुळे मार्ग दोन्हीकडून खुला असणे अधिक सयुक्तिक ठरते.

माझा पहिला विचार ती नोंद भरून टाकण्याचा होता. पण ही चूक इतकी वर्षे खेळाचा भाग होऊन बसली होती की काही खेळाडूंचे डावच तिच्यावर उभे होते. सायरेनाइका घेतली की उत्तरेकडून धोका नाही, हे त्यांना माहीत होते आणि त्या बळावर ते ईजिप्तकडे फौज वळवत. चित्र बदलण्याच्या नावाखाली नियम बदलणे मला योग्य वाटले नाही. चित्राच्या नव्या आवृत्तीत त्या रेषेला मी क्रीटकडे तोंड केलेला बाण दिला, म्हणजे फाइल जे करते तेच चित्र सांगू लागले. दोन्ही बाजूंनी मार्ग खुला करायचा का, हा प्रश्न खेळाडूंपुढे स्वतंत्रपणे ठेवायचे ठरले. काहींना हा निर्णय भित्रा वाटला. मला तो आजही योग्य वाटतो, कारण चित्राबद्दलची नाराजी आणि नियमाबद्दलची नाराजी एकत्र आली असती, तर कोणती कशामुळे आहे हे आम्हाला कधीच कळले नसते.

चित्र बदलले तेव्हा

चालू डावांत चित्र बदलायचे नाही, हे आधीच ठरले होते. अर्ध्यावर आलेल्या डावात खेळाडू झोपून उठतो आणि पट वेगळा दिसतो, हा त्याच्यावर अन्याय आहे. नवे डाव नव्या चित्रावर सुरू झाले आणि जुने डाव जुन्या चित्रावर संपू दिले. प्रत्येक चित्राचे निर्देशांक वेगळे असल्याने फाइलच्या दोन प्रती काही काळ शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या. हे कटकटीचे होते, कारण बायझँटियमचे नाव एका प्रतीत बदललेले आणि दुसरीत जुने होते, आणि एकदा दोन्हींची अदलाबदलही झाली. ती काही तासांत दुरुस्त केली.

पहिल्या आठवड्यात आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक रंगांच्या फिकेपणाबद्दल होत्या. जुना लाल गॉल लोकांना आवडत होता. दोन छटा मी थोड्या गडद केल्या, बाकी तशाच ठेवल्या. शेजाराबद्दल एकही तक्रार आली नाही. सिसिलीच्या रेषेबद्दल एका जुन्या खेळाडूने फक्त विचारले की हा मार्ग आताच बदलला का. मार्ग पहिल्यापासून असाच होता, हे त्यांना फाइलमधली नोंद दाखवून सांगावे लागले.

या वेळी वेगवेगळ्या थरांची मूळ फाइल, वापरलेल्या खुल्या परवान्याच्या अक्षरवळणाचे नाव आणि शेजार पडताळण्याचा रिकामा तक्ता हे सगळे नकाशासोबतच साठवून ठेवले आहे, म्हणजे पुढे हे चित्र जुने होईल तेव्हा बदलणाऱ्याला डागाळलेल्या चित्रावरून गिरवत बसावे लागणार नाही. जुन्या चित्रावरचा शेवटचा डाव संपला त्या दिवशी ते पटावरून उतरवले. क्रीटच्या बाणाबद्दलचे मतदान त्यानंतर सुरू झाले. ते अजून चालू आहे.